विश्लेषण : पोलिसाने हेल्मेट घातले नाही तर दुप्पट दंड, मग तो भरतो कोण?

परभणीच्या शिवाजी चौकात दुपारी पाच-दहा मिनिटे उभे राहिले तरी हे चित्र दिसते. वाहतूक शाखेचा कर्मचारी कॉलेजच्या दोन पोरांची गाडी बाजूला घेतो, हातातल्या यंत्रात नंबर टाकतो. पोरांच्या डोक्यावर हेल्मेट नाही, त्यामुळे चलान बरोबरच आहे. तेवढ्यात शेजारून एक बुलेट निघून जाते. चालवणाऱ्याच्या अंगावर खाकी पँट आणि वर साधा शर्ट, डोके उघडे आणि नंबर प्लेटच्या वर लाल-निळ्या पट्टीत 'पोलीस'. चलान करणारा मान वर करत नाही. बुलेटकडे बघतात ती फक्त दोन पोरे.

घरी गेल्यावर त्या पोरांना हेल्मेटचा धडा आठवत नाही, बुलेट आठवते. पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन दल, 'महाराष्ट्र शासन' लिहिलेल्या गाड्या यांना नेमकी कुठे सूट आहे, कुठे अजिबात नाही, आणि त्यांनी नियम मोडला तर काय होते, याची कायद्यातली उत्तरे बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. अडचण पुढे आहे.

वर्दीला हेल्मेट माफ आहे का?

नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ मध्ये हेल्मेटची सक्ती आहे आणि त्यात पगडी बांधणाऱ्या शीख व्यक्तीला स्पष्ट सूट दिली आहे. पोलिसाचा तिथे उल्लेख नाही. घरून ठाण्यात ड्यूटीला निघालेला हवालदार कायद्याच्या नजरेत इतर कोणत्याही दुचाकीस्वारासारखाच असतो. सीटबेल्टचे तेच, गाडी चालवताना हातात धरलेल्या मोबाइलचे तेच. मद्याचे प्रमाण १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त आढळले, तर कलम १८५ वर्दी आहे की नाही हे विचारत नाही.

खासगी गाडीवर 'पोलीस' लिहिल्याने ती पोलिसांची गाडी होत नाही. नोंदणी पुस्तकात मालक म्हणून ज्याचे नाव, त्याचीच ती. नंबर प्लेटवर तर नोंदणी क्रमांकाखेरीज दुसरा मजकूर चालतच नाही, मग तो 'पोलीस' असो, 'प्रेस' असो की 'दादा'.

हेल्मेटचा मुद्दा किरकोळ वाटत असेल तर एक आकडा बघा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसे गेली. त्यातली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली दुचाकीवरची माणसे होती. महाराष्ट्रातले एकूण मृत्यू १५,२२४. रात्रपाळी करून पहाटे मानवत किंवा पूर्णेकडे गावी परतणारा कर्मचारीही याच रस्त्यांवरून जातो, आणि डांबराला बिल्ला दिसत नाही.

सायरन वाजला की सिग्नल माफ?

इथे खरी सूट आहे, पण तिला अटी आहेत. २३ जून २०१७ रोजी केंद्राने मोटार वाहन (चालविणे) विनियम, २०१७ लागू केले. त्यात आपत्कालीन वाहनांना इतरांच्या आधी जाण्याचा हक्क दिला आहे आणि त्यांचा आपापसातला क्रमही ठरवला आहे. आधी अग्निशमन दलाची गाडी, मग रुग्णवाहिका, त्यानंतर पोलिसांची गाडी. म्हणजे वसमत रोडवर बंब आणि पोलीस व्हॅन समोरासमोर आले, तर थांबायचे व्हॅनने. हे आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नसते, कधी कधी व्हॅनलाही.

माणसाचा जीव वाचवणे, गंभीर इजा टाळणे, आग किंवा मालमत्तेचे मोठे नुकसान रोखणे, अशी खरी तातडी असेल तेव्हा या गाड्यांचे चालक लाल सिग्नल ओलांडू शकतात, वेगमर्यादा सोडू शकतात, प्रवेशबंद रस्त्याने जाऊ शकतात. मात्र त्या वेळी सायरन आणि चमकणारे दिवे चालू हवेत आणि चालकाने पुरेशी काळजी व जबाबदारी घेतलेली हवी. तातडी नसेल तर सायरन वाजवायचाच नाही. साहेबांना बैठकीला उशीर होतोय, ही तातडी नाही. डबा घेऊन निघालेली सरकारी जीप, बंदोबस्त संपवून परतणारी व्हॅन, रुग्णाला सोडून रिकामी येणारी रुग्णवाहिका यांना साधेच नियम लागू आहेत.

दिव्यांची कथा वेगळी. १० डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अभय सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात लाल दिवा आणि सायरनच्या मिरवणुकीवर कडक ताशेरे ओढले. १ मे २०१७ पासून मंत्री-अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. तरी हौस गेली नाही. २०२४ मध्ये पुण्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या खासगी ऑडीवर अंबर दिवा आणि 'महाराष्ट्र शासन' अशी पाटी दिसली, प्रकरण देशभर गाजले. चौकशी सुरू झाल्यावर त्याच गाडीवर वीसपेक्षा जास्त चलाने थकलेली निघाली.

'जगात जर्मनी' म्हणतोच आहोत तर

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आपण छाती फुगवून सांगतो, म्हणून जर्मनीत काय आहे तेही बघू. तिथल्या रस्ता वाहतूक नियमावलीत दोन वेगळी कलमे आहेत. एक पोलीस, अग्निशमन आणि बचाव दलाला नियमांतून सूट देते, पण सार्वजनिक सुरक्षेचे भान ठेवूनच ती वापरता येते. दुसरे इतरांना बाजूला व्हायला लावते. त्यासाठी निळा दिवा आणि भोंगा दोन्ही एकत्र चालू असावे लागतात. नुसता दिवा लावून कुणाला रस्ता मागता येत नाही.

नागरिकांवरचे बंधनही तितकेच कडक आहे. महामार्गावर वाहने तुंबली की रुग्णवाहिका येण्याची वाट न बघता, डावीकडच्या रांगेने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मधे वाट मोकळी ठेवायची. न ठेवल्यास किमान २०० युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी.

आपल्याकडेही असे कलम आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९४-ई सांगते की अग्निशमन गाडी किंवा रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. शिक्षा जर्मनीपेक्षा जड आहे. पण वाट देणाऱ्याला समोरच्या सायरनवर विश्वास असावा लागतो, आणि तो आपण खर्चून टाकला आहे.

परभणीत हे जास्त झोंबते. जिल्हा रुग्णालयातून किंवा गंगाखेड, जिंतूर, सेलूच्या रुग्णालयांतून 'पुढे न्या' म्हटलेला रुग्ण अनेकदा नांदेडच्या विष्णुपुरीला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत जातो. नांदेड सत्तर किलोमीटरच्या आसपास, संभाजीनगर त्याच्या तिप्पट. म्हणजे तासा-दीड तासापासून चार तासांपर्यंत तो माणूस रस्त्यावरच असतो. उसाच्या हंगामात पुढे ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या. त्यांच्या चालकाने गेल्या आठवड्यात रिकाम्या रुग्णवाहिकेला तीनदा वाट दिली असेल, तर चौथ्या वेळी तो आरशात बघून किती घाई करेल?

बाजू रुग्णवाहिका चालकाचीही आहे. राज्यात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झाली. तिथे डॉक्टर आणि नियंत्रण कक्ष असतो. पण रुग्णालयांच्या दारात उभ्या असणाऱ्या खासगी गाड्यांचे चालक बहुतेक फेरीवर कमावतात. जितक्या फेऱ्या, तितके पैसे. नातेवाईक मागून ओरडत असतात, 'दादा, पळवा ना.' दादा पळवतो. अमेरिकेतल्या आपत्कालीन वैद्यकीय संघटनांनी २०२२ मध्ये एकत्र निवेदन काढून सांगितले की दिवे-सायरन लावून वाचणारा वेळ सहसा काही सेकंदांपासून चारेक मिनिटांपर्यंतच असतो, अपघाताचा धोका मात्र वाढतो. तिथले रस्ते वेगळे, अंतरे वेगळी, त्यामुळे आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण रुग्णाला आत स्थिर करून नेणे हे वेगाइतकेच महत्त्वाचे आहे, हे कुठलाही डॉक्टर सांगेल.

दुप्पट दंडाचे कलम

१ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात कलम २१०-बी आले. ते एका वाक्याचे आहे. या कायद्याची अंमलबजावणी करण्याचा अधिकार ज्या प्राधिकरणाला आहे, त्यानेच या कायद्याखालचा गुन्हा केला, तर त्याला त्या गुन्ह्याच्या दुप्पट दंड होईल. हेल्मेट नसल्यास कायद्यात १ हजार रुपये आणि तीन महिने परवाना निलंबन आहे. अंमलबजावणी करणाऱ्याला दोन हजार. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला १० हजार, त्याला २० हजार. (जागेवर भरायच्या तडजोडीच्या रकमा राज्य सरकार ठरवते, त्यामुळे पावतीवरचा आकडा वेगळा असू शकतो. महाराष्ट्राने वाढीव दंड दोन वर्षे थांबवून डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले, हेही लक्षात असू द्या.)

कायदा आला त्याच आठवड्यात दिल्ली वाहतूक पोलिसांनी लेखी आदेश काढून आपल्या कर्मचाऱ्यांना बजावले की नियम मोडला तर दुप्पट भरावे लागेल, मग गाडी सरकारी असो वा स्वतःची. आदेश चांगला होता. पण कलमाची शब्दयोजना ढिली आहे.

कलमात 'अधिकारी' किंवा 'कर्मचारी' हा शब्द नाही, 'प्राधिकरण' आहे. सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या मोटारसायकलवर बाजारात निघालेला पोलीस शिपाई हा 'प्राधिकरण' आहे का? नाही असा युक्तिवाद करता येतो, आणि वकील तो करतीलच. त्याला साधा दंड तर लागतोच, दुप्पट लागतो का हा वाद. दुसरी बाजू पोलीस व्हॅनची. ई-चलान गाडीच्या नंबरवर निघते, आणि व्हॅन सरकारी खात्याच्या नावावर असते. चालकाकडून वसुली केली नाही, तर दंड खाते भरणार. म्हणजे सरकारच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात, आणि मूळ पैसा तुमचा-आमचा. दुप्पट केला तरी गणित तेच. चालकाच्या पगारातून कापायचा की खात्याने भरायचा, हे कलम सांगत नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी वेगळे होते आणि बहुतेक ठिकाणी काहीच होत नाही.

चलान कापणार कोण?

मूळ गाठ ही आहे. वाहतूक शाखेचा शिपाई, समोरून येणारी गाडी ठाणेदाराची. त्याची बदली, रजा, गोपनीय अहवाल ज्यांच्या हातात, त्यांच्याच गाडीचा नंबर यंत्रात टाकायचा. परभणीत पोलीस आयुक्तालय नाही. शहर वाहतूक शाखा आणि ठाणी दोन्ही एकाच पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली येतात. अशा ठिकाणी शिपायाकडून शौर्याची अपेक्षा करणे सोपे आहे, ते त्याला परवडत नाही. आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक वेगळ्या खात्याचे असल्याने कागदावर तरी मोकळे असतात, पण रोजच्या कामात त्यांना पोलिसांचीच मदत लागते.

पोलिसाविरुद्ध पोलिसानेच कारवाई करायची, ही अडचण परभणीला नवी नाही. डिसेंबर २०२४ मधल्या कोठडी मृत्यूच्या प्रकरणात गुन्हा नोंदवण्यासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला जुलै २०२५ मध्ये आदेश द्यावा लागला, आणि तो सर्वोच्च न्यायालयात टिकला. त्या प्रकरणाची आणि हेल्मेटची पातळी एक नाही, तुलना करणेही बरे नाही. पण दोन्हीकडे दरवाजा उघडणारा आतलाच माणूस असतो.

कॅमेरा मात्र हुद्दा बघत नाही. २०१८ मध्ये जानेवारी ते ऑगस्टदरम्यान मुंबईच्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या दोन गाड्यांची वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल १३ वेळा नोंद झाली, १३ हजार रुपयांची चलाने निघाली. पुढे माहिती अधिकारात कळले की वाहतूक पोलिसांनी ती रद्द केली. कारण दिले सुरक्षेचे. मुख्यमंत्र्यांच्या ताफ्याबाबत ते कारण पटण्यासारखे असूही शकते. पण सामान्य माणसाने 'आई दवाखान्यात होती' असे सांगून चलान रद्द करून घेणे किती अवघड आहे, हे ज्याने प्रयत्न केला त्याला विचारा. चलान यंत्र काढते, रद्द माणूस करतो. कुणाचे, किती आणि कोणत्या कारणाने रद्द झाले याची यादी आपणहून जाहीर करण्याची पद्धत असती तर निम्मा संशय मिटला असता.

अशा गाडीने धडक दिली तर?

ही माहिती बातम्यांत फार कमी येते, म्हणून थोडे थांबून.

केंद्र किंवा राज्य सरकारच्या मालकीची, व्यवसायासाठी नसलेली गाडी असेल, तर तिला विमा काढण्याची सक्तीच नाही. कलम १४६ मध्ये तशी सूट आहे. तुमची गाडी विम्याशिवाय सापडली तर पहिल्या वेळी २ हजार रुपये दंड, पोलीस जीपला तो लागू नाही. यामागचे तर्कशास्त्र असे की सरकार दिवाळखोर होत नाही, भरपाई तेच देईल. तत्त्व म्हणून ठीक. पण विमा नसल्याने धनादेश विमा कंपनीकडून येत नाही, खात्याच्या तरतुदीतून येतो, आणि तरतूद यायला वेळ लागतो. भरपाई थकली म्हणून न्यायालयाचा बेलीफ सरकारी कार्यालयातल्या खुर्च्या उचलायला आल्याच्या बातम्या मराठवाड्याला नव्या नाहीत.

सरकार जबाबदारी झटकू शकते का? हा प्रश्न फार पूर्वी निकाली निघाला आहे. १९५२ मध्ये राजस्थानात उदयपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांची जीप दुरुस्तीहून परत येत होती. तिने पायी जाणाऱ्या एका माणसाला उडवले, तो दगावला. राज्याचे म्हणणे होते की हा सरकारी कामकाजाचा भाग, आम्ही देणे लागत नाही. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. चालकाच्या निष्काळजीपणाबद्दल खासगी मालक जसा जबाबदार, तसेच राज्यही. विधवा विद्यावती यांना १५ हजार रुपये मिळाले. पुढे साठच्याच दशकात मुंबई उच्च न्यायालयाने सुगराबाई यांच्या खटल्यात लष्करी ट्रकबाबत तोच मार्ग धरला. तोफखाना शाळेसाठी यंत्र घेऊन निघालेला ट्रक रस्त्यावरून चालवणे हे काही राजसत्तेचे खास कृत्य नव्हे, त्यामुळे भरपाई टळत नाही.

म्हणून पोलीस व्हॅन, शासकीय जीप किंवा रुग्णवाहिकेने धडक दिली, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कलम १६६ खाली दावा करता येतो. सायरन चालू होता हे उत्तर तिथे पुरे पडत नाही, काळजी घेतली होती का हे तपासले जाते. फौजदारी बाजूला भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ (बेदरकार चालवणे) आणि मृत्यू झाल्यास कलम १०६(१) आहे, ज्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. वर्दीसाठी वेगळे कलम नाही. अपघातानंतर पहिल्या तासात गाडीचा नंबर, जागेचे फोटो आणि दोन साक्षीदारांचे मोबाइल नंबर हाती असतील तर पुढे वर्षानुवर्षे उपयोगी पडतात.

फोटो काढला तर पोलीस अडवू शकतात का?

सार्वजनिक रस्त्यावर नियम मोडणाऱ्या गाडीचा फोटो काढायला कायद्याने बंदी नाही, मग गाडी कुणाचीही असो. कामात अडथळा आणू नका, हुज्जत घालू नका, एवढेच. वर्ध्यातल्या एका प्रकरणात पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढल्याबद्दल शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा दाखल झाला होता. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला, कारण ठाणे हे त्या कायद्यातले 'प्रतिबंधित ठिकाण' नाही. ठाण्याच्या आत ही स्थिती, तर चौकाचे काय.

उलट पोलिसांच्याच मोबाइलवर मर्यादा आली आहे. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक विभागाच्या अपर पोलीस महासंचालकांनी परिपत्रक काढले की ई-चलानसाठी कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढायचे नाहीत, खात्याचे यंत्रच वापरायचे. कोपऱ्यात उभे राहून खासगी मोबाइलने फोटो टिपणारा कर्मचारी दिसला, तर तोही एक नियम मोडत असतो.

तक्रार करायची तर महाट्रॅफिक ॲपवर फोटो, वेळ आणि ठिकाणासह करता येते, किंवा थेट पोलीस अधीक्षक कार्यालयात लेखी. लेखी दिली तर पोच घ्या.

आणि आणखी एक मार्ग आहे, दहा रुपयांचा. माहिती अधिकारात अधीक्षक कार्यालयाला तीन गोष्टी विचारता येतात. १ सप्टेंबर २०१९ पासून कलम २१०-बी खाली जिल्ह्यात किती चलाने निघाली? खात्याच्या वाहनांवर आजवर किती चलाने आहेत आणि किती भरली? किती रद्द झाली आणि कोणत्या कारणाने? उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर 'निरंक' असे आले, तर तेही सही-शिक्क्यानिशी हातात येते.